वरची दोन नावं

पडद्यावर एकच नाव होतं, आणि मला वाटत होतं की ते तिथे नसायला हवं. मालकांचा जुना प्रोग्रॅम म्हणत होता, फ्लॉपी रिकामी आहे. माझा नवा प्रोग्रॅम म्हणत होता, एक फाइल आहे. दोघांतला एक खोटं बोलून राहिला होता, आणि मी ऑफिसात नवी, म्हणजे खोटा माझाच असणार. मी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

जबलपूरला आमचं घर गढ़ा भागात. बाबा फॅक्टरीत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, सी भाषा शिकले आणि एका लहानशा ऑफिसात लागले. तिथे आम्ही दुकानांची, दवाखान्यांची कामं करायचो. मालक हिंदी बोलणारे, मनानं चांगले, पण आपण लिहिलेलं कधी चुकूच शकत नाही अशी त्यांची पक्की समजूत.

एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीचं काम आमच्याकडे होतं. वरच्या मजल्यावर लॅब, खाली रक्त द्यायची खिडकी. लॅबमध्ये रक्ताच्या प्रत्येक पिशवीची तपासणी व्हायची. पिशवी खराब निघाली तरच तिच्या नंबराची एक छोटी फाइल फ्लॉपीवर लिहायची. कावीळ असेल, नाहीतर ती बिमारी, जिचं नाव तेव्हा आमच्याकडे कोणी मोठ्यानं घेत नसे. दर सकाळी नवी फ्लॉपी खाली यायची, तिथला कॉम्प्युटर ती वाचायचा आणि 'देऊ नये' अशी यादी छापायचा. यादीत नंबर नसला की पिशवी द्यायला मोकळी. सगळ्या जगाचा भरवसा त्या एका कागदावर.

आता दवाखान्यात युनिक्स या वेगळ्या सिस्टिमची नवी मशीन येणार होती आणि डॉसची जुनीही राहणार होती. दोन्हीकडे एकच प्रोग्रॅम चालावा म्हणून फायलींची यादी करणारा भाग नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. युनिक्सवर हे सरळ असतं. ओपनडिरनं फोल्डर उघडायचा, रीडडिरनं एकेक नाव वाचायचं, क्लोजडिरनं बंद करायचा. डॉसची तऱ्हा वेगळी. तिथे फाइंडफर्स्ट म्हटलं की दार उघडतं आणि पहिलं नावही त्याच झटक्यात हातात येतं, पुढची नावं फाइंडनेक्स्टनं मागायची. म्हणून डॉससाठी त्याच तीन नावांची फंक्शनं मी घरची बनवून राहिले होते. उघडताना आलेलं पहिलं नाव पदराला बांधून ठेवायचं, आणि कोणी 'वाच' म्हटलं की सगळ्यात आधी ते द्यायचं. माझा घोटाळा त्या पदरातच झाला असणार, असं मी धरून चालले होते.

पण घोटाळा सापडेना. शेवटी वैतागून दोन्ही प्रोग्रॅम बाजूला ठेवले आणि साधी डॉसची डिर कमांड दिली. तिनं एक फाइल दाखवली. पिशवीचा नंबर, आकार, तारीख, सगळं. ती फ्लॉपी मी चाचणीसाठी रक्तपेढीतूनच मागून आणली होती, वापरलेली, खरीखुरी. म्हणजे खोटा माझा नव्हता, मालकांचा होता.

मग मी मालकांचा जुना कोड उघडला. कुठल्याही फोल्डरमध्ये वरची दोन नावं खऱ्या फायलींची नसतात. एक टिंब म्हणजे हाच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे याच्या वरचा. ती सोडायची असतात, पण नाव बघून. मालकांनी नाव न बघता, मोजून पहिली दोन फेकली होती. आणि फ्लॉपीच्या अगदी वरच्या पातळीवर, जिथे लॅब आपल्या फायली लिहायची, ती टिंबं नसतातच. तिथे पहिली दोन नावं म्हणजे पहिल्या दोन खऱ्या फायली.

मग इतके दिवस हे चाललं कसं? चाललं ते आमच्या ऑफिसच्या एका रिवाजामुळे. मालक नवी वही घेतली की पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहायचे, आणि फ्लॉपी म्हणजे त्यांच्या लेखी वहीच. ऑफिसातून जी फ्लॉपी बाहेर पडेल तिच्यावर सगळ्यात आधी दोन रिकाम्या फायली टाकायच्या, एक शुभ नावाची, एक लाभ नावाची. आमच्या घरी बुद्धवंदना होते, असलं काही नसतं, पण पगार त्यांचा म्हणून मीही गप टाकत होते. मालकांचा प्रोग्रॅम इमानदारीनं शुभ-लाभ फेकायचा आणि पुढचं सगळं बरोबर वाचायचा. ती दोन नावं यादीत काहून येत नाहीत, हे कोणी विचारलंच नाही.

पण आमच्या फ्लॉप्यांना दमट हवेनं बुरशी धरली होती आणि दवाखान्यानं त्या महिन्यात बाजारातून नवा डबा घेतला होता. कोऱ्या फ्लॉप्या, शुभ नाही, लाभ नाही. आणि एका दिवसात खराब पिशव्या निघून निघणार किती? बहुतेक एक, फार तर दोन. म्हणजे डबा बदलल्यापासून 'देऊ नये'ची यादी जवळजवळ रोजच कोरी निघत होती, आणि कोरी यादी बघून सगळे खूश होते.

त्याच महिन्यात, त्याच दवाखान्यात माझ्या ताईचं सिझर झालं होतं. तिला रक्त चढवलं होतं.

ते रक्त मीच आणलं होतं. भाऊजी ताईपाशी थांबले आणि मी चिठ्ठी घेऊन खिडकीवर पळाले. तिथल्या भैयानं माझ्यासमोर यादी बघितली आणि म्हणाला, सूची साफ है. माझी मान ताठ झाली होती, आमच्या ऑफिसचा प्रोग्रॅम ना तो. दोन गार पिशव्या टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून मी जिना चढले होते. हे सगळं खुर्चीत बसल्याबसल्या आठवलं आणि मी फ्लॉपी घेऊन उठले.

मालकांना दाखवलं. आधी ते हसले. मग स्वतः डिर देऊन पाहिलं, मग आपला कोड पाहिला, आणि उभ्या माणसाला खुर्ची सापडेना. म्हणाले, आधी गुपचूप दुरुस्त करून पाठवून देऊ, सांगायचं ते नंतर सांगू. माझं डोकंच फिरलं. आजवर मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"मेरी दीदी को चढ़ा है वो खून," मी म्हटलं. "फोन आप लगाओगे कि मैं लगाऊँ?"

फोन त्यांनीच लावला. यादीवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक पिशवी द्यायच्या आधी वर लॅबला विचारा, असं त्यांनी रक्तपेढीला कळवलं. रक्तपेढी सांभाळणाऱ्या मॅडम घरी गेल्या होत्या. सकाळी या, असा निरोप मिळाला.

ताई बाळंतपणासाठी आमच्याकडेच होती. घरी पोचले तर ती पलंगावर भिंतीला टेकून बाळाला दूध पाजत होती. आई मेथीचे लाडू वळत होती, आणि बाळाचं नाक कोणावर गेलं यावरून दोघींचं चाललं होतं. मी दारातच उभी राहिले. त्या रक्तात काही असेल तर ते आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, दुधातून त्या एवढ्याशा जिवात जाऊन राहिलंय, एवढंच डोक्यात. थांब म्हणावं, बाळाला काढ म्हणावं, तोंडापर्यंत शब्द आले. पण काय सांगून थांबवायचं? नंबर जुळला नाही तर उगाच तिचं दूध आटवल्याचं पाप. आणि जुळला तर? बाळ इतके दिवस पीतच आलंय.

"काहून अशी पाहून राहिली वं?" ताईनं विचारलं. "नजर लावशील पोराले."

मी म्हटलं, डोकं दुखतंय. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. जेवताना आईनं वाढलेलं सगळं मी गिळलं, कारण नाही म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं.

सकाळी रक्तपेढीत मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या कडक बाई होत्या, आता खाऊन टाकतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, की नवा प्रोग्रॅम बरोबर वाचतो ना. मी हो म्हटलं. त्यांनी नव्या डब्यातल्या वापरलेल्या सगळ्या फ्लॉप्या माझ्यापुढे ठेवल्या. मी आधी ताईच्या दोन पिशव्यांचे नंबर मागितले. त्यांनी शोधून सांगितले. मग मी एकेक फ्लॉपी घालायला लागले.

प्रत्येक फ्लॉपी आत गेली की घरघरायची. उघड, पहिलं नाव पदराला, वाच. पडद्यावर नंबर यायचा, मी तो मोठ्यानं वाचायचे आणि मॅडम ती पिशवी गेली की आहे ते बघायच्या. नंबर यायच्या आधीचा तो घरघरीचा वेळ मला आजही नको वाटतो. ओठांवर ताईचे दोन नंबर, आणि समोर येणारा आकडा त्यातला नसू दे, नसू दे, एवढंच चाललेलं. पुष्कळशा पिशव्या अजून फ्रीजमध्येच होत्या, काही मुदत संपून टाकून दिलेल्या. दर वेळी मॅडम म्हणायच्या, है, नाहीतर फेंक दिया. मग पुढची फ्लॉपी.

एका नंबरावर त्या काही बोलल्या नाहीत. मी मान वळवून पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता. ती पिशवी गेली होती, शहपुऱ्याच्या एका बाईला, तिच्याही बाळंतपणात. मी ती फाइल उघडली. आत एकच ओळ होती, आणि ओळीत त्याच बिमारीचं नाव होतं. मॅडमनी मला पुढची फ्लॉपी घालायला सांगितलं.

ताईचे नंबर शेवटपर्यंत आले नाहीत. तरी माझं मन मानेना, म्हणून मॅडमनी ताईचं रक्त तपासायला मागवलं. घरी मी सांगितलं, सिझर झालेल्या सगळ्यांची तपासणी चालू आहे. ताईनं कुरकुर करत हात पुढे केला.

रिपोर्ट आणायला गेले त्या दिवशी रक्तपेढीबाहेरच्या बाकावर गर्दी होती. मला उभ्याउभ्याच कागद मिळाला. सगळं ठीक. मी तो दोनदा वाचला आणि तिथेच मोकळ्या गळ्यानं हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, "सुटली गं माय, सुटली," असं मराठीत म्हणत. लोक बघून राहिले होते. बघू देत, मला काय त्याचं.

बाकाच्या टोकाला एक माणूस बसला होता, बायको शेजारी, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं मूल. पायांशी मटराच्या शेंगांनी भरलेली पिशवी. मी हसतेय बघून तोही हसला. म्हणाला, शहपुऱ्याहून आलोय, दवाखान्यानं माणूस पाठवून बोलावलं, बायकोला रक्त दिलं होतं त्याची तपासणी करायची म्हणतात. एवढी काळजी कोण घेतो हो आजकाल? मॅडमसाठी घरच्या शेतातला मटर आणलाय.

माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. बायको मुलाला पाजत होती. त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं की तिला चढवलेल्या पिशवीच्या फाइलीत कुठली ओळ आहे.

"आपका ठीक निकला न, दीदी?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"चलो, फिर हमारा भी ठीक ही होगा," तो म्हणाला. मग वाकून पिशवीचं तोंड सोडलं, ओंजळ शेंगांनी भरली आणि माझ्यापुढे धरली, खुशीच्या म्हणून. मला नाही म्हणता आलं नाही. मी ओढणी पसरली, आणि ती भरेपर्यंत तो घालत राहिला.