बाळाला कुठं ठेवलं?

रंगरावदादा बोलायला लागण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या टेबलावर पालथं ठेवत. मग दोन्ही हात मांडीवर घेत आणि नंतर पहिलं वाक्य. एकदा न राहवून मी कारण विचारलं, तर म्हणाले, "फौंड्रीत साच्यात हात घालायच्या आदी घड्याळ काढून ठेवतो आमी, ताई. हे बी तसंच काम हाय की."

'हे' म्हणजे जन्माआधीच दगावलेल्या बाळांबद्दल बोलणं.

मी तेव्हा कोल्हापुरात एका संशोधन प्रकल्पावर काम करत होते. दिवस भरत आलेले असताना बाळं पोटातच का जातात, ते टाळण्यासाठी काय करता येईल आणि असं झाल्यावर आईबापांना दवाखान्यात कशी वागणूक मिळते, हा आमचा विषय. आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांचा एकच हट्ट होता. प्रश्न फक्त डॉक्टरांनी काढायचे नाहीत. ज्यांचं बाळ गेलंय ती माणसं पहिल्या दिवसापासून समितीत हवीत. खरं सांगायचं तर मला ते दिखाऊ वाटलं होतं. प्रश्नावली मी तयार केली होती, चांगली खपून केली होती, आणि ती आता गावाकडची माणसं तपासणार, याचा मला थोडा रागही आला होता.

पहिली बैठक कागलजवळच्या एका आरोग्य केंद्रात ठेवली. बारा आयांना निरोप दिला होता, त्यातल्या पाच आल्या. आणि दाराजवळच्या खुर्चीवर निळ्या गणवेशातला एक माणूस येऊन बसला. चाळिशीचा, रुंद हाताचा, गणवेशाच्या शिवणीत काळी वाळू बसलेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीतून पहिली पाळी संपवून तो थेट आला होता.

"सुनीता पोवारला बोलावलंसा तुमी," तो म्हणाला. "ती न्हाय यायची. मी तिचा मालक, रंगराव. मी आलोय. बसू का जाऊ?"

आमच्या कागदात फक्त आया होत्या. मी मोठ्या मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "बसा की. चहा घ्या."

मी एकेक प्रश्न वाचून दाखवायला लागले. बायका खाली बघून मान डोलवत होत्या. हो ला हो, नाही ला नाही. सतरावा की अठरावा प्रश्न होता, 'मृत अर्भकाची विल्हेवाट कशी लावली?' तो वाचला आणि रंगरावदादांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"ताई, इल्हेवाट कचऱ्याची लावत्यात."

माझे कान तापले. तो शब्द मी कुठल्याशा सरकारी नमुन्यातून जसाच्या तसा उचलला होता आणि इतक्या दिवसांत तो मला एकदाही टोचला नव्हता.

"मग कसं विचारू?" मी म्हटलं.

"बाळाला कुठं ठेवलं, असं इचारा की. आमी ठेवूनच आलोय."

कोपऱ्यातल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. तिच्या शेजारची, आल्यापासून एक शब्द न बोललेली, म्हणाली, "मला ठावंच न्हाय कुठं ठेवलंय. कुणी सांगितलंच न्हाय." त्यानंतर अडीच तास त्या बायका बोलत होत्या. मी प्रश्नावली मिटून ठेवली. त्या संध्याकाळी ऑफिसात येऊन मी ती पहिल्यापासून लिहायला घेतली, आणि या वेळी रागाचं नावही नव्हतं.

त्यांची स्वतःची हकिकत कळायला मात्र तीन-चार महिने लागले. एका गावातून परत येताना आमची गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलत होता, आम्ही दोघं उसाच्या कडेला उभे होतो. तिथं त्यांनी सांगितलं. घड्याळ काढलं आणि ठेवायला टेबल नव्हतं म्हणून मुठीत धरून ठेवलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सुनीतावहिनींना नववा महिना लागला होता. एक दिवस त्या म्हणाल्या, बाळ आज फिरना झालंय. घरातल्या थोरल्या बायका म्हणाल्या, आता जागा अपुरी पडती, म्हणून गप बसतंय ते. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, त्यांना तेवढंच माहीत होतं. रंगरावदादांची दुपारची पाळी होती, ते कामावर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तेव्हा सोनोग्राफी करणारा डॉक्टर काही न बोलता बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.

"त्यो बोलंना, तवाच मला कळलं," ते म्हणाले.

बाळंतपण दुसऱ्या दिवशी झालं. मुलगी होती. एका सिस्टरनं कापडात गुंडाळलेलं बाळ आणून त्यांच्या हातात दिलं आणि 'घेऊन जावा' म्हणाली. सुनीतावहिनींना दाखवायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं. बघितलं तर ती त्यातून उठायची नाही, असं सगळ्यांना वाटलं. यांनाही वाटलं. चुलत्यांनी मोटरसायकल चालवली, हे मागं बाळ मांडीवर घेऊन बसले. शेतात, बांधाच्या कडेला खड्डा काढला. चुलते फावडं धुवायला विहिरीकडं गेले, तेव्हा यांनी कापड बाजूला केलं.

"केस लई हुते. आनि हनुवटी सुनीताची. हुबेहूब." ते उसाकडं बघत होते. "तिसऱ्या दिवशी सुनीताला दूध आलं. छाती दगडावानी झाली, ताप भरला. असं हुतंय म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. ती न्हाणीत जाऊन रडायची आनि मी भाईर पाणी तापवत बसायचो. आट वर्सं झाली. मी बघितलंय पोरीला, तिनं न्हाय. आनि मी बघितलंय हे तिला ठाव न्हाय."

पुढं त्यांना आणखी एक मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. पण पहिलीचा विषय घरात कधी निघाला नव्हता.

समितीत आले तसे ते आमच्याबरोबर गावोगाव हिंडायला लागले. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दूध संस्थेत माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असताना. आम्ही सभा भरवली की बायका यायच्या; पण गाडी काढायची की उद्यापर्यंत थांबायचं, हे ठरवणारी माणसं दूध घालायला यायची, हे त्यांनीच आम्हाला दाखवून दिलं. त्यांचं भाषण चार वाक्यांचं असे. "पावणं, पोटातलं बाळ रोजच्यापरीस कमी फिराय लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्या न्हाय. काय न्हाय निघालं तर डॉक्टर हसंल, हसू दे. मी थांबलोतो, तुमी थांबू नका."

एका गावात एक म्हातारी किटली खाली ठेवून त्यांच्या अंगावरच आली. "बाप्या माणसानं बायकांच्या पोटातलं काय बोलाय लागलाईस रे? लाज?"

"लाज हाय की, आज्जी," ते म्हणाले. "लाजंपायीच आट वर्सं गप हुतो."

दूध घालून झालं तरी म्हातारी गेली नाही, भिंतीला टेकून बसली. आम्ही निघालो तेव्हा हळूच म्हणाली, "माजी बी दोन गेली रं, अशीच." तिला दोन्हींचे महिने पाठ होते.

दवाखान्यातली बैठक सगळ्यांत अवघड गेली. आईबाप आपल्याला दोष द्यायला आलेत, असं डॉक्टरांना आणि सिस्टरांना वाटत होतं आणि खुर्च्याही दोन बाजूंना मांडल्या गेल्या होत्या. दादांनी आपली खुर्ची उचलली आणि सिस्टरांच्या बाजूला नेऊन ठेवली. "भांडाय न्हाय आलो," ते म्हणाले. "आईला एकदा इचारा, बाळ बघायचं हाय का. नको म्हणाली तर तासाभरानं परत इचारा. पयल्यांदा माणूस नकोच म्हणतंय."

एक वयस्क सिस्टर एकदम म्हणाल्या, "आम्हाला तरी कुणी शिकवलंय का हो? ते हातात देताना काय बोलायचं, मला वीस वर्षांत कळलं नाही. म्हणून 'घेऊन जा' म्हणते आणि लगेच पाठ फिरवते. माझं तोंड दिसू नये म्हणून."

"म्हंजे तुमी बी माझ्यासारख्याच," दादा म्हणाले आणि स्वतःसमोरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला.

त्याच सिस्टरांचा एका दुपारी मला फोन आला. गारगोटीकडचं एक तरुण जोडपं होतं, पहिलंच बाळ, मुलगा, पोटातच गेलेला. आईनं सकाळी नको म्हटलं होतं. सिस्टरांनी तासाभरानं परत विचारलं, तर ती म्हणाली, दाखवा. पण नातेवाईक तयार नव्हते. मी रंगरावदादांना कळवलं. पाळी नुकतीच सुटली होती, ते गणवेशातच आले.

तो तरुण बाप बाळ हातात घेऊन जिन्याजवळ उभा होता. एक मामा त्याला घाई करत होते. गाडी खाली थांबलीय, उन्हं कलायला लागलीत, चल. दादांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले.

"तुम्ही कोण?" मामांनी विचारलं.

"मी बी असाच हुबा हुतो, बाळ घेऊन," दादा म्हणाले. मग अगदी सावकाश, "पावणं, ह्या बाळाला कुठं जायची घाई हाय?"

मामा खिशातून रुमाल काढून तोंड पुसत जिना उतरून खाली गेले. थोड्या वेळानं तो तरुण स्वतःच उठला आणि बाळ घेऊन आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. त्या पोरीनं बाळाला मांडीवर घेतलं, पायाकडचं कापड सोडलं आणि एकेक बोट धरून बघायला लागली. मग नवऱ्याला म्हणाली, "बोटं बगा की, तुमच्या आईसारखी लांब हायती." आवाजात रडं होतंच, पण कौतुकही होतं.

रंगरावदादा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बाहेर आल्यावर गाडीची किल्ली लावता लावता एवढंच म्हणाले, "सुनीताला बी बघता आली असती बोटं. मी आडवा आलो."

"तुम्ही एकट्यानं ठरवलं नव्हतं, दादा," मी म्हटलं.

"व्हय. पर बाळ माझ्या हातात हुतं."

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. पुढचं मला नंतर दोघांकडूनही कळलं. सुनीतावहिनी चुलीपुढं बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर उठल्या, भाकरी उलटली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गाडी काढा. मला न्या तितं."

बांधावर त्यांनी जागा दाखवली. वहिनी खाली बसल्या. बराच वेळ मातीवर हात फिरवत राहिल्या. मग एकामागून एक विचारायला लागल्या. रंग कसा होता? केस होते का? कापड कसलं होतं, गार तर लागलं नसंल? दादा आठवून आठवून सांगत होते. हनुवटीचं सांगितलं तेव्हा वहिनींनी स्वतःची हनुवटी चाचपली आणि त्या रागानं उसळल्या.

"आट वर्सं तुमी एकट्यानंच ठेवून घेतलंसा व्हय तिला?"

दादांनी मान खाली घातली. वहिनी रडल्या, पोटभर रडल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "माझ्यापाशी बी एक ठेवलेलं हाय. नाव. सातव्या म्हयन्यातच ठरवलंतं मी, पोरगी झाली तर ईश्वरी. तुमास्नी सांगायचंच राहून गेलं."

दोघांनी तिला नावानं हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पुढच्या बैठकीला वहिनी स्वतः आल्या. दादांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि दूध येतं त्या दिवसांबद्दल आमच्या माहितीपत्रकात एक ओळही नाही, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दाखवून दिलं. आज त्या पत्रकात अर्धं पान त्यांचं आहे.

प्रकल्प संपला. मी आता वारणानगरला असते, भेटी कमी झाल्या. निरोपाच्या आधी शेवटचं काम उरलं होतं ते अहवालाचं. पहिल्या पानावर संशोधकांची नावं आणि प्रत्येक नावापुढं पदवी, हुद्दा, संस्था. मोठ्या मॅडमनी समितीतल्या आईबापांची नावंही त्याच यादीत घ्यायची ठरवली होती. मी दादांना फोन लावला आणि विचारलं, तुमच्या नावापुढं काय लिहू? समिती सदस्य? फौंड्रीतला हुद्दा?

"थांबा, सुनीताला इचारतो," ते म्हणाले. पलीकडं दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मला शब्द कळले नाहीत. एकदा वहिनींचा हसल्यासारखा आवाज आला. मग ते फोनवर आले.

अहवाल छापून आला. इतरांच्या नावांपुढं दोन-दोन ओळींच्या पदव्या आहेत. शेवटून दुसऱ्या ओळीत, त्यांनी सांगितलं तसंच, एक अक्षरही न बदलता आहे: सुनीता आणि रंगराव पोवार, ईश्वरीचे आईवडील.