नाव न घ्यायचा काढा

माझी थोरली जन्मली तेव्हा आम्ही गडचिरोलीकडच्या एका खेड्यात राहत होतो. नवरा जंगल खात्यात, सिरोंच्याला. महिन्यातून एकदा येई. घरात सासूबाई आणि मी. बाळंतिणीची खोली म्हणजे धानाच्या कोठीशेजारची कोंदट जागा, खिडकी गोणपाटाने बुजवलेली. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, चुलीकडे फिरकायचं नाही.

दूध वाढावं म्हणून सासूबाई दोन वेळा काढा आणत आणि पेला रिकामा होईपर्यंत दारात उभ्या राहत. त्यात काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, "नाव घेतलं का जडीचा गुण जाते. पी चुपचाप." हा त्या भागातला नियमच. जंगलातून मुळ्या आणून देणारी बाईसुद्धा नाव सांगत नसे.

दूध भरपूर आलं. पण पंधराव्या दिवशी पोरीला जुलाब लागले. दोन दिवसांत तिचं रडणं बारीक झालं, डोळे आत गेले. उपकेंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या, त्यांनी तिला तपासलं आणि मला विचारलं, "तुम्ही काय घेता?" मला सांगता येईना. "शिकलेल्या ना तुम्ही? आपल्या पोटात काय जातं तेही ठाऊक नाही?" काढा बंद करा, अंगावर पाजत राहा, लघवी कमी झाली तर लगेच दवाखान्यात आणा, असं सांगून त्या गेल्या.

त्यांची पाठ वळताच सासूबाई म्हणाल्या, "इनं सोताचं एक तरी पोर वाढवलं काय?" संध्याकाळी पेला पुन्हा समोर. नको म्हटलं, तर दूध आटल्यावर पोरीला काय पाजशील, हा प्रश्न. मी प्यायले.

सकाळी त्या विहिरीवर गेल्यावर मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि उंबरा ओलांडला. चुलीमागच्या डब्यात शतावरीच्या मुळ्या होत्या. त्या मी ओळखल्या; माहेरच्या कुंपणाला वेल होता. खाली कागदाच्या पुडीत वाळका पाला. तोही ओळखला. माझे वडील कोठा साफ व्हायला घेत.

सासूबाई घागर घेऊन दारात आल्या. "चूल बाटवली तू."

"ही सोनामुखी आहे," मी म्हटलं. "मी जुलाबाचं पिते आणि तेच हिला पाजते."

"तुह्या पोटासाठीच टाकली मी. कुंथत होती ना."

पुडी मी चुलीत टाकली. त्यांनी शिजलेला भात गाईला घातला आणि सगळं घर सारवून काढलं. तीन दिवसांत जुलाब थांबले. सोनामुखीमुळेच झाले का, हे नर्सबाईंनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

माझा सव्वा महिना मात्र सासूबाईंनी त्या सकाळपासून नव्याने धरला. पोर ओढून प्यायला लागली होती. मी गोणपाटाच्या खिडकीखाली परत जाऊन बसले.