बंद टीव्हीची काच

आमच्या कासमचाचांना बहिरा समजून काहीही बोलणारा हमखास फसतो. पॉवरलूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण ओठ वाचायची सवय लागली. जुन्या टीव्हीत ओठ मुंगीएवढे दिसायचे, म्हणून चाचा मोठा घ्यायला गेले. दुकानदार आवाजाचं कौतुक करू लागला.

"आवाज तुझ्याकडेच ठेव," चाचा म्हणाले. "तोंडं दाखव."

टीव्ही भिंतीवर चढला. चाचा ऐटीत समोर बसले. त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, जाहिदाचाची नेहमीसारखी बिनधास्त पुटपुटली, "म्हाताऱ्याला कशाला एवढं थेटर?"

टीव्ही अजून बंदच होता. त्याच्या काळ्या काचेत बघत चाचांनी विचारलं, "म्हातारा कोणाला बोलतेस?"

आता चाची तोंडावर ओढणी धरून पुटपुटते.