तिसऱ्या यंत्रामागचे डबे

चीनमधल्या छंगतू शहरात हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचं जेवण, खायला जायचं तर आधी नंबर लावायचा. शहरातल्या चारशे दुकानांचे हे नंबर तोंग युएफांग नोकरी करायची त्या कंपनीतल्या सात यंत्रांत साठत. डेटाबेस एकच, पण सातांत वाटलेला. युएफांग पूर्वी अशाच एका दुकानाच्या दारात नंबर पुकारायची. घसा कायमचा बसला, तेव्हा चाळिशीत संगणक शिकली आणि सहा वर्षांनी ही यंत्रं तिच्या गळ्यात पडली.

त्या हिवाळ्यात एकेक नंबर मिळायला अर्धं मिनिट लागू लागलं. कंपनीचे प्रमुख गौ साहेब वैतागले. "यंत्रं वाढवा," असा तिचा सहकारी पी मिंगखाई याचा ठरलेला सल्ला. पाचाची सात झाली होती ती त्याच्यामुळेच. फरक काडीचा पडला नव्हता.

एका दुपारी युएफांग आपला डबा गरम करायला यंत्रांच्या खोलीत गेली. तिसऱ्या यंत्रामागून निघणाऱ्या गरम हवेत नऊ डबे आधीच दाटीवाटीनं बसलेले, आणि मिंगखाई दहावा कोंबत होता.

"अरे, पाचव्यामागे ठेव की. तिथं चिटपाखरू नाही."

"तिथं भात गारच राहतो, ताई. तापतं फक्त तिसरं. बाकीची नुसती बसून असतात."

बोलून गेल्यावर यंत्रं वाढवायचा आपलाच सल्ला आठवून त्याला कसंनुसं झालं.

युएफांगनं डबा तसाच टाकून नोंदी तपासल्या. डेटाबेस नोंदी क्रमानं लावायचा. नवा नंबर नेहमी सगळ्यांत मोठा, आणि मोठ्या नंबरांचा शेवटचा गठ्ठा तिसऱ्याकडे. म्हणजे येईल ते नवं काम त्याच्याच डोक्यावर, बाकीचे सहा जण जावयासारखे. तिनं क्रम मोडला आणि नंबर वेडेवाकडे द्यायला लावले. सातही यंत्रं कामाला लागली, नंबर क्षणात मिळू लागले.

तासाभरात एका दुकानातून फोन आला.

"इथं एका आजोबांना ऐंशी हजार चारशे सतरावा नंबर मिळालाय. म्हणतात, एवढं मी जगणार नाही. त्यांच्यामागून आलेल्या विहिणीला नववा मिळाला. दोघांचं जुंपलंय."

युएफांगनं आजोबांची फोनवरच माफी मागितली. मग प्रत्येक नोंदीला दोन नंबर दिले: गिऱ्हाइकाला दिसणारा सरळ क्रमाचा, आणि यंत्रांच्या वाटणीसाठी आतला वेडावाकडा. आता सगळं सुरळीत झालं, फक्त सातही यंत्रं सारखीच कोमट झाली आणि कुणाचाच डबा तापेना. आठवडाभर निम्मं ऑफिस तिच्याशी बोललं नाही.

वसंतात गौ साहेबांनी नवशिक्यांना शिकवायचं काम तिला दिलं. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना यंत्रांमागे हात धरायला लावला. "कुठलं जास्त गरम लागतंय ते आधी सांगा. खरेदीचं नंतर बघू."

एक मुलगी चुकून एसीसमोर उभी राहिली आणि "हे" म्हणाली. यंत्रं थंड ठेवायचा एसी बिघडून खरंच गरम हवा फेकत होता. युएफांगनं तिला पहिला नंबर दिला.