अकरा वाजताचा फोन

मुलुंडच्या आमच्या क्लिनिकमध्ये पेशंटकडे मुतखडे साठतात आणि माझ्याकडे किस्से! मी तिथली सिस्टर. घरी हे ऐकायला कोणी नाही. टीव्हीला सांगावं तर तो मध्येच जाहिरात लावतो. म्हणून तुम्हाला पकडलंय.

*

पोट धरून कोणी आलं की डॉक्टर आधी तो पडलाय कसा ते बघतात. गडाबडा लोळत असेल तर बहुतेक खडा. हलायलाही घाबरत असेल तर पोटातलं दुसरं काहीतरी. एकदा एक जण असाच लोळत होता आणि बायको म्हणते, "आज माझी आई येणारे ना, म्हणून नाटकं!"

सोनोग्राफीत खडा निघाला. तशा कळांमध्येही तो ओरडला, "डॉक्टर, हा रिपोर्ट फ्रेम करून द्या!"

*

एक आजोबा सकाळपासून गॅस समजून सोडा पीत होते. पोट टम्म! प्रोस्टेटमुळे लघवीच अडकलेली. नळी घातली, पिशवी भरली, आजोबांचे डोळे पाणावले. "लग्नात पण एवढा आनंद झाला नव्हता!"

आजी शेजारीच. "मला पण नाही," म्हणाल्या.

मग दोघं हात धरून रिक्षात बसले. असं भांडायला तरी कोणी हवं ना!

*

एकदा माझीच वाट लागली. ओटीपोटात कळा, लघवीला जळजळ, हुडहुडी भरून ताप. इन्फेक्शन! डॉक्टर खवळले, "अख्ख्या मुलुंडला पाणी पाजतेस आणि स्वतः दिवसभर कोरडी? सोबत कोण आलंय?"

हा प्रश्न रोज मी विचारते. "मीच आलेय," म्हटलं.

*

आता सामंतकाका. काकू गेलेल्या, मुलगी परदेशात. खडा बारीक, भरपूर पाण्याने पडेल असा. लघवी गाळून खडा सापडला की आणायचा, आणि तोवर मी रोज अकराला फोन करायचा, असं ठरलं.

"काका, पाणी प्यायलात का?"

"प्यायलो गं."

मग पाण्यावरून गाडी वालाच्या बिरड्यावर, बिरड्यावरून काकूंवर. माझ्या इन्फेक्शनचंही सांगून झालं. बाहेर पेशंटची बोंबाबोंब!

खडा काही पडेना. शेवटी परत सोनोग्राफी केली तर सगळं स्वच्छ! "काका, खडा गेला कुठे?"

काकांनी खिशातून हळूच डबी काढली. आत कापसावर खडा.

"कधी पडला?"

"झाले बरेच दिवस." मान खाली. "सांगितलं असतं तर फोन बंद झाला असता ना."

डॉक्टरांनी डबीवर लेबल लावलं. खडा लॅबला गेला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला सवयीने मी मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. मला रडूच येत होतं. तेवढ्यात तो वाजला.

"सिस्टर," काका म्हणाले, "पाणी प्यायलीस का?"