रंगूबाईचा फुकटचा क्लास

आमच्या कामोठ्याच्या घरात रंगूबाई भांडी घासते. साताऱ्याकडची. नवरा बाबासो तुर्भ्याच्या मार्केटात गोनी उचलतो. चार घरची कामं करते, पन तोंडातून शब्द काढत नाय. बाई चोख हाय, खोटं कशाला बोलू?

पन आता मना ती डोळ्यासमोर नको झालीय.

माझी सून भाविका दुपारी आतल्या खोलीत, कंप्यूटरवर इंग्रजीचा क्लास घेते. आमच्या अख्ख्या भावकीत इंग्रजी शिकवनारी हीच पहिली. मी गावभर मिरवते. मनात एकच हाव, सुनेनं एकदा बोलावं, "आई, बसा बाजूला, तुमाला पन शिकवते." दोन वर्षं झाली, बोलली नाय. मी आपन होऊन सांगनार नाय. सासू हाय मी!

परवा स्वयंपाकघरात भांडी वाजेनात. बघते तर नळ बंद, हाताला साबन तसाच, आन रंगूबाईचा कान भाविकाच्या दाराला.

आत भाविका पोरांना सांगत होती, "लिसन इन ऑन म्हणजे दुसऱ्याचं बोलणं त्याला कळू न देता ऐकणं. आता वाक्य बनवा." पोरांच्या आधी आमची मुकीच ओरडली, "आय लिसन इन ऑन भाविका मॅडम!"

अगं बाय! कंप्यूटरातली पोरं टाळ्याच वाजवायला लागली.

"चोरटी मेली!" मी बोलले.

ती पदराला हात पुसत बोलली, "ताई, नातीच्या इंग्रजी शाळंत माज्यासंगं कुनी धड बोलत न्हाई. म्हनून वरीसभर ऐकतीया."

वर्षभर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. सून माझी, घर माझं, आन इंग्रजी शिकली ही!

भाविका धावत आली. वाटलं, आता हाकलेल. तर तिनं रंगूबाईला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. मग माझ्याकडं वळून बोलली, "आई, तुमी पन या ना."

दोन वर्षं वाट बघितली ते बोलावनं आलं, पन भांडीवालीच्या नंतर. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मना काय गरज हाय? मी मालकीन हाय या घराची!"

"बरं," बोलली ती, आन दार लावून घेतलं.

आता रोज दुपारी मी त्या दाराला कान लावून उभी असते. आत दोघी हसतात. कशावर हसतात ते काय कळत नाय, सगळं इंग्रजीत चाललेलं असतं.