सेनापती, चवळी आणि राजमा

रिटायर्ड माणसांनी इतिहास वाचू नये. वेळ भरपूर असतो, आणि वाचलेलं करून बघावंसं वाटतं. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी वाचनमंडळाने प्राचीन अथेन्सची लोकशाही वाचायला घेतली, तेव्हापासून माझ्याकडचे किस्से वाढतच चाललेत.

अथेन्सचे लोक मतं देऊन सेनापती निवडत आणि तो मोहिमेवरून परतला की त्याच्यावरच खटला भरत. मी तीस वर्षं कौन्सिलमध्ये क्लार्क होतो. आमच्याकडे मोहीम फसली की साहेबाला प्रमोशन मिळे.

मंडळाला अथेन्सची पद्धत पसंत पडली. मंडळाच्या सहलीचा म्होरक्या परतला की खटला. प्रत्येकाच्या हातात एक चवळी, एक राजमा. बिस्किटांच्या डब्यात चवळी टाकली तर निर्दोष, राजमा टाकला तर दोषी. दोषीला पुन्हा म्होरकेपण नाही. आरोपीला मत नाही.

*

पहिला आरोपी आयटीतला देशपांडे. एकाच राउंडअबाउटला त्याने मिनीबसच्या चार प्रदक्षिणा घातल्या होत्या. म्हणाला, रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हचं ऐकलं.

"अथेन्सच्या एका सेनापतीने ज्योतिष्यांचं ऐकलं," डॉक्टर साने म्हणाले. "अख्खं आरमार गेलं."

डब्यात राजम्याची उसळ होईल एवढे राजमे!

*

मग जोशीबाईंना विचारलं, पुढची सहल तुम्ही न्याल का. त्यांनी पुढचं पान वाचलेलं होतं. "तोच सेनापती म्हणाला, घरी जाऊन खटला सोसण्यापेक्षा शत्रूच्या हातून मेलेलं बरं. माझंही तेच मत."

*

शेवटी डॉक्टर स्वतःच उभे राहिले. रिटायर झाल्यापासून हुकूम सोडायला त्यांना कोणी उरलं नव्हतं, आणि उत्तरेतल्या रोमन भिंतीची मोठी सहल त्यांना स्वतःच न्यायची होती.

त्याआधी त्यांनी लीड्सची सहल नेली. म्युझियमला मिनिटाच्या ठोक्याला पोचलो. फक्त नलिनीवहिनी, म्हणजे खुद्द डॉक्टरांच्या सौ., मोटरवेच्या सर्व्हिसेसवर, चहापाण्याच्या थांब्यावर, मागेच राहिल्या. जन्मभर ऑपरेशन संपताना कापसाचे बोळे मोजणारा माणूस डोकी मोजायला विसरला.

खटल्यात डॉक्टर म्हणाले, पाऊस केवढा होता, वादळच होतं.

देशपांडे याचीच वाट बघत होता. त्याने पुस्तक उघडून सांगितलं की अथेन्सच्या सेनापतींनी आरमारी लढाई जिंकली, पण बुडणारे खलाशी उचलले नाहीत. "त्यांनीही वादळच सांगितलं होतं, डॉक्टर."

"मग?"

"मारलं त्यांना."

मतं पडली. सहा चवळ्या, सहा राजमे. राहिल्या वहिनी. डॉक्टरांचा चेहरा उतरलेला. रोमन भिंत त्या एका मुठीत होती.

वहिनींनी मूठ उघडली. दोन्ही दाणे तसेच.

"अहो, आधी मिनीबसची किल्ली इकडे द्या."

डॉक्टरांनी दिली. वहिनींनी ती पर्समध्ये टाकली, चेन लावली, आणि मग डब्यात चवळी टाकली.